यंदा दसरा उशिरा आहे

जळगाव,
१४ मार्च १९९९

ती. फुईस,
सा. नमस्कार.

तुझ्याकडे फोन असता तर हे दोन मिनिटांत सांगून झालं असतं. पण फोनवर माणूस विचार न करता बोलतो असं तू म्हणतेस, म्हणून विचार करून लिहितो.

रुपचंदशेठच्या तेलमिलमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळतो हे तुला माहीत आहे. मिल म्हटली की सरकारचे नियम आले. कारखान्याचं लायसन कधी संपतं, सांडपाणी कधी तपासायचं, वजनकाट्यांवर शिक्का कधी मारून घ्यायचा, बॉयलरचं सर्टिफिकेट कधी. हे सगळं पूर्वी जुन्या मुनीमजींच्या डोक्यात असायचं. ते वारले आणि पाठोपाठ नोटिसा यायला लागल्या. तेव्हा मी एक प्रोग्राम लिहिला. सकाळी कॉम्प्युटर लावला की कशाची मुदत जवळ आली ते पडद्यावर दिसतं. हिरवी ओळ असेल तर निवांत, लाल असेल तर पळा. तेव्हापासून एक नोटीस आलेली नाही.

आता चोपड्याचे, नशिराबाद रस्त्यावरचे, तुमच्या धुळ्याचेसुद्धा मिलवाले तो मागतात. मी ठरवलं आहे की तो फुकट द्यायचा आणि उघडा द्यायचा. प्रोग्रामची दोन रूपं असतात. एक माणसाला वाचता येतं, दुसरं फक्त यंत्राला. दुकानात विकतात ते यंत्राचं. आत काय आहे ते कोणाला दिसत नाही. पण जगात काही मंडळी वाचता येणारं रूपही सोबत देतात. वाचा, बदला, पुढे द्या. अट एकच, पुढे देताना उघडंच द्यायचं. लिनक्स म्हणून कॉम्प्युटर चालवणारी एक प्रणाली आहे, ती अशीच मिळते. एका मासिकाबरोबर तिची सीडी आली होती, तिच्यावरच मी हे सगळं शिकलो. मला कोणीतरी उघडं दिलं, म्हणून मीही तसंच देणार.

आई म्हणते, मोठं पुण्याचं काम आहे. वडील नाहीत, तेव्हा त्यांची बहीण म्हणून तुझं मत कळव.

तुझा,
सुपडू

ता. क. प्रोग्रामवर नाव ‘एस. व्ही. पाटील’ असं घातलं आहे. पडद्यावर ‘सुपडू’ बरं दिसत नाही.


धुळे,
२२ मार्च १९९९

चि. सुपडूस,

‘पुण्य’ शब्द आला तिथे पत्र बाजूला ठेवलं. चहा झाल्यावर पुन्हा घेतलं.

वहिनीला काय म्हणायचं ते म्हणू दे. तू पुण्यासाठी देत असशील तर देऊ नकोस. पुण्यासाठी देणारा माणूस वस्तू कशी आहे ते पाहत नाही, दिल्याचं समाधान पाहतो. देवळाबाहेर लोक फाटक्या नोटा टाकतात त्यातला प्रकार.

उघडं देण्याचा विचार मात्र मला पटला. का ते सांगते. आपल्या घरची केळी घे. केळीला बी नाही. एकाच्या शेतातून कंद काढायचा, दुसऱ्याच्या शेतात लावायचा. तुझे आजोबा कंद मागायला आलेल्याला कधी नाही म्हणाले नाहीत. म्हणून सगळ्या तालुक्यात केळी झाली. पण ती सगळी एकच केळ आहे, हे लोक विसरतात. तिला एक रोग लागला की तो सगळ्या तालुक्याला लागतो. बी असतं तर प्रत्येक रोप थोडं वेगळं निघालं असतं. काही मेली असती, काही तगली असती. उत्क्रांती म्हणतात ती एवढीच. कोणी आराखडा काढत बसलेला नाही. नक्कल होते, नकलेत फरक पडतो, त्या वेळच्या परिस्थितीत जो फरक चालून जातो तो टिकतो.

तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. दर वर्षी एक तरी पोरगा उभा राहून विचारायचा, “बाई, मग देवाचं काय काम?” मी म्हणायचे, “तो प्रश्न तुझ्या अभ्यासक्रमात नाही, खाली बस. आणि घरी जाऊन जरूर विचार कर.”

तेव्हा नुसत्या नकला वाटू नकोस. लोकांना तो बदलू दे, नाहीतर त्याचीही केळच होईल.

तो प्रोग्राम कागदावर छापून मला पाठव. मला काय कळणार असं समजू नकोस. ज्या बाईने जन्मभर बेडकाच्या नसा मोजल्या, तिला कागदावरच्या ओळी वाचता येतील.

नावाबद्दल नंतर बोलू.

तुझी,
फुई


जळगाव,
११ एप्रिल १९९९

ती. फुईस,
सा. नमस्कार.

सोबत कागद पाठवले आहेत. मधूनमधून रोमन लिपीत मराठी वाक्यं आहेत, ती यंत्रासाठी नाहीत, वाचणाऱ्यासाठी आहेत. तेवढी वाचलीस तरी बरंच कळेल. चोपड्याच्या मिलमध्ये छगन म्हणून हिशेबनीस आहे, त्याला एक उघडी प्रत गेली. तो रोज काहीतरी खुडबुड करत असतो असं ऐकतो.

बॉयलरचा भाग नीट वाच. तो मला स्वतःला फार आवडतो. बॉयलरची तपासणी वर्षातून एकदा. तो थंड करून, उघडून, सरकारी तपासनीस साहेबांपुढे ठेवावा लागतो. चालू मिलमध्ये कोण थंड करणार? पण खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, तेव्हा मिल बंद असतेच. आमचा बॉयलरवाला वना त्या दिवशी बॉयलरला झेंडूची माळ घालतो, दाराला कुंकू लावतो आणि चप्पल काढून उभा राहतो. मुनीमजींनी हे हेरलं होतं. दसऱ्याच्या आठवड्यातच ते साहेबांना बोलवायचे. पूजाही झाली, तपासणीही झाली. मी तेच प्रोग्राममध्ये आणलं. पंचांगातून पुढच्या अनेक वर्षांचे दसरे काढून आत घातले. एका दसऱ्यापासून दुसऱ्या दसऱ्यापर्यंत हिरवी ओळ. परदेशातल्या कोणत्या प्रोग्रामला हे जमेल?

शेठचं म्हणणं जरा वेगळं आहे, ते मी पाहून घेईन.

तुझा,
सुपडू


धुळे,
१० जून १९९९

चि. सुपडूस,

कागद वाचायला उन्हाळा गेला. तुझी रोमन मराठी भयंकर आहे.

काल शेजारच्या बेबाबाई डबा घेऊन आल्या. डब्यात अनारसे. मी म्हटलं, “आज काय?” तर मलाच हसल्या. “मॅडम, अधिक महिना ना! जावयाला वाण दिलं. तुम्ही देव मानत नाही, अनारसे तर मानता?” अनारसे मी मानते. दोन खाल्ले. तिसरा हातात असताना तुझा बॉयलर आठवला.

अधिक महिना घातला की पुढचे सगळे सण लांबणीवर पडतात. गेल्या वर्षी दसरा ऑक्टोबर लागला तोच होता. लक्षात आहे, कारण त्या सुट्टीच्या दिवशी कॉलेजात माझं पाहुणं व्याख्यान होतं आणि निम्मा वर्ग आला नाही. यंदा बेबाबाईंच्या पंचांगात पाहिलं. दसरा ऑक्टोबर अर्धा उलटून गेल्यावर आहे. यंदा दसरा उशिरा आहे.

आता मला एकच सांग. साहेब जे सर्टिफिकेट देतो ते बारा महिन्यांचं असतं, की दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंतचं?

आपल्या पाठीच्या कण्याच्या टोकाला शेपटीची हाडं शिल्लक आहेत. शेपूट होतं तेव्हा त्यांना काम होतं. तुझा दसरा तसा आहे. मुनीमजींना तो सोयीचा होता, आणि ते कागदावरची तारीखही बघत असणार. तू सोय उचललीस, तारीख सोडलीस.

उत्तर लवकर पाठव.

फुई


जळगाव,
२ ऑगस्ट १९९९

ती. फुईस,
सा. नमस्कार.

उत्तर लवकर पाठवलं नाही. आधी तुझा राग आला. मग सर्टिफिकेट काढून पाहिलं. बारा महिन्यांचं आहे, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपतं. प्रोग्राम मात्र थेट दसऱ्यापर्यंत हिरवी ओळ दाखवतो. तो लिहिल्यापासून मध्ये अधिक महिना आलाच नव्हता, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

पण नुसतं एवढंच असतं तर मी त्याच दिवशी लिहिलं असतं. शेठचं मी पाहून घेईन असं तुला कळवलं होतं. पाहून घेतलं नाही. हो म्हणालो. छगनची प्रत आधीच गेली होती तेवढीच उघडी. बाकी सगळ्या मिलना आम्ही बंद प्रत विकली, शेठ आणि मी, निम्म्या भागीदारीत. आत काय आहे ते त्यांना दिसत नाही. त्यांच्या पडद्यावरही हिरवी ओळ दिसत राहणार आणि त्यांचे बॉयलर सर्टिफिकेटशिवाय पेटत राहणार. नव्या सरकीचा हंगाम तोंडावर असताना.

छगनला भीत भीत फोन केला. तो म्हणाला, “ते दसऱ्याचं होय? ते मी कधीच काढून टाकलं. आमची मिल दसऱ्याला बंद कुठे असते? आमचे मालक दिवाळीशिवाय सुट्टी देत नाहीत. मी आपली सर्टिफिकेटवरची तारीख टाकली. का रे, काही बिघडलं का माझं?” मी म्हटलं, नाही, तुझंच तेवढं नीट आहे.

मग शेठकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, “आपली तपासणी नेहमीसारखी दसऱ्यालाच होऊ दे. बाकीच्यांना दिवाळीला नवी फ्लॉपी पाठव. सुधारलेली म्हणून पाठव. चूक म्हणालास तर उद्या कोण घेईल आपल्याकडून?”

“आणि शेठ, मधले दिवस?”

“अरे, सर्टिफिकेट संपलं म्हणून बॉयलर काय त्याच दिवशी फुटतो? इतकी वर्षं नाही फुटला. पूजा करतो ना आपण त्याची. देव आहे.”

शेठ वाईट माणूस नाही, फुई. वडील गेले तेव्हा तेच गाडी घेऊन गावी आले होते. त्यांना नाही म्हणणं मला जड जातं आणि नोकरीचाही प्रश्न आहे.

आता एक विचारतो. वाद म्हणून नाही, खरंच विचारतो. शेठला निदान देव आहे. तू म्हणतेस, वर कोणी नाही, कोणी बघत नाही, कोणी लिहून ठेवत नाही. मग मी दिवाळीपर्यंत गप्प बसलो तर कोणाला कळणार आहे?

सुपडू


धुळे,
५ ऑगस्ट १९९९

चि. सुपडूस,

वनाला कळणार आहे. तो बॉयलरपुढे उभा असतो.

वर कोणी असता तर वनाला त्याच्यावर सोपवून तुला आणि शेठला मोकळं होता आलं असतं. वर कोणी नाही, म्हणून वना तुझ्यावर आहे. मला जन्मभर लोकांनी विचारलं, देव नाही तर जगण्याला अर्थ काय? जणू अर्थ पोस्टाने यायचा होता आणि माझा पत्ता चुकला. ज्याचं बरंवाईट आपल्या हातात आहे त्याच्याशी नीट वागावं. मला तरी अजून दुसरा अर्थ सापडलेला नाही आणि हा मला पुरला आहे.

छगनला फार शहाणा समजू नकोस. त्याने शहाणपणाने नाही, अडचणीपायी बदललं. म्हणूनच तर सांगते. पुढे काय येणार ते कोणालाच दिसत नसतं. दहा ठिकाणी दहा प्रकारे बदललेलं असलं की एखादं आपोआप तगून जातं. तुम्ही कुलूप लावलंत आणि सगळ्या मिलमध्ये एकच केळ लावून ठेवलीत.

आता नावाचं. तुला हे वहिनीने तिच्या पद्धतीने सांगितलं असेल, मी माझ्या पद्धतीने सांगते.

तुझ्या आधीची दोन मुलं जन्मल्यावर आठवड्याच्या आत गेली. घरात म्हणायचे, दृष्ट लागते. तो धनुर्वात होता. सुईण गवत कापायच्या विळ्याने नाळ कापायची. तिसऱ्या वेळी मी धुळ्याहून आले, भांडले आणि वहिनीला जळगावच्या दवाखान्यात नेलं. तिला इंजेक्शनं दिली, नाळ उकळलेल्या कात्रीने कापली. तू रडत घरी आलास. तरी माझ्या आईने तुला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलंच, म्हणून तू सुपडू. शेजारच्या ताईबाईने मूठभर ज्वारी देऊन तुला विकत घेतलं. म्हणजे तू आमचा नाहीस, तेव्हा आमच्या घरचं दुर्दैव तुला ओळखणार नाही, असा हिशेब. मग ताईबाईने तुला ‘सांभाळायला’ म्हणून आमच्याकडेच ठेवलं. मी ओट्यावर उभी राहून राग गिळत होते. आजही सांगते, तू जगलास तो इंजेक्शनने आणि कात्रीने. सुपाने काही केलं नाही.

पण पुढे जे दिसलं तेही सांगायला हवं. जे दिसतं ते लिहा, आवडो न आवडो, असं मीच मुलांना शिकवत आले. ताईबाई रोज सकाळी यायची. “माझा पोरगा दूध पितो का नीट? अंग का गरम लागतं त्याचं?” आमच्याकडे नाळेला शेणाची राख लावायचे. ती लावू नका म्हणून मी आईला किती सांगितलं. आई म्हणाली, “तू कॉलेजात शिकव.” मग मी ताईबाईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती कमरेला पदर खोचून आली. “माझ्या पोराला राखबिख लावायची नाही. मी ज्वारी मोजून घेतलाय!” आईने राख चुलीत टाकली. माझं ऐकलं नाही, तिचं ऐकलं, कारण पोरगा तिचा होता.

देऊन टाकला म्हणून एका पोराकडे दोन घरांचे डोळे लागले. दुर्दैवाला फसवायला निघाले होते. झालं ते इतकंच, की बघणारं माणूस वाढलं. तेवढं पुष्कळ असतं.

तुझा प्रोग्राम सुपात घाल आणि उंबऱ्याबाहेर ठेव.

सगळ्या मिलना लेखी कळव. ‘चूक’ असं लिही. ‘सुधारणा’ लिहिलंस तर मला त्याची प्रत पाठवू नकोस. शेठला आधी तोंडावर सांग, पाठीमागे नको. आणि खाली नाव पूर्ण घाल. ‘एस. व्ही.’ला मी ओळखत नाही.

तुझी,
फुई


जळगाव,
२४ सप्टेंबर १९९९

ती. फुईस,
सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं त्या संध्याकाळी शेठकडे गेलो. म्हटलं, उद्या सगळ्यांना पत्रं टाकतो आहे, सोबत उघडी प्रत देतो आहे, माझा हिस्सा परत घ्या. त्यांनी समोरची चोपडी मिटली. मग म्हणाले, “तुझ्या वडिलांच्या वेळी मी आलो होतो, लक्षात आहे?” मी म्हटलं, आहे, म्हणूनच तुमच्या बॉयलरचा अर्ज सगळ्यात आधी भरून आणला आहे, एवढी सही करा. सही केली. कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “एक तारखेपासून येऊ नकोस.”

पत्रं गेली. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, “माझ्या प्रोग्राममध्ये माझी चूक आहे.” काहींनी फोनवर शिव्या दिल्या. तुमच्या धुळ्याचा एक म्हणाला, “चूक होती तर विकली कशाला?” बरोबरच आहे. पण सगळ्यांनी तपासणीचे अर्ज भरले. छगन तर दोन मिलमध्ये स्वतः जाऊन नवी प्रत घालून आला. कोणी सांगितलं नव्हतं त्याला.

मी घरीच होतो. गेल्या आठवड्यात वना आला. सायकल भिंतीला लावली, पाणी प्यायला आणि म्हणाला, “भाऊ, साहेब येल व्हतात. त्यासनी बॉयलर उघाडा.” मी म्हटलं, मग? “आतली नळी कागदसारखी पातळ व्हई जायेल शे. साहेबनी हातोडी ठोकी, नि आरपार गयी.” मी त्याला पुन्हा पाणी दिलं. ते पिऊन म्हणाला, “दसरापावत चालू ऱ्हातं ते मी नही ऱ्हातू.”

नळ्या बदलायला मिल बंद आहे. शेठ काय म्हणाले ते विचारलं. वना हसायला लागला. म्हणे, शेठने ती नळी हातात घेतली, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली, आणि तेव्हापासून ती त्यांच्या टेबलावर आहे. कोणी विचारलं तर सांगत नाहीत आणि कोणाला हलवूही देत नाहीत. मला बोलावणं आलेलं नाही. येईल असं वाटतही नाही. पण तीन मिलवाले म्हणतात, महिन्यातून एकदा येऊन आमचं बघून जा, आम्ही ठरवून देऊ. उघड्या प्रोग्रामवर पोट भरतं की काय ते आता कळेल. मला वाटतं, भरेल.

नव्या प्रतीचं पहिलं पान सोबत आहे. वाच आणि रागावू नकोस.

तुझा,
सुपडू


धुळे,
२० ऑक्टोबर १९९९

चि. सुपडूस,

काल दसरा झाला. बेबाबाई सोनं घेऊन आल्या, आपट्याची पानं. मी दर वर्षी सांगते की झाड ओरबाडू नका आणि दर वर्षी घेते.

पहिलं पान वाचलं. ‘लिहिणारा : सुपडू पाटील, जळगाव.’ पडद्यावर कसं दिसतं ते माहीत नाही, कागदावर उत्तम दिसतं. ‘बदल : छगन, चोपडा.’ हेही ठीक. ‘चूक शोधली : प्रमिला पाटील, धुळे.’ हे वाचून चष्मा पुसून घेतला.

तू म्हणतोस, अट अशी आहे की पुढे देणाऱ्याने ही नावं काढायची नाहीत, फक्त आपली भर घालायची. म्हणजे हे पान कुठे कुठे जाईल ते मला दिसणार नाही. माझ्यामागे कोणी नाही म्हणून लोक हळहळतात. पुढच्या वेळी कोणी हळहळलं तर त्याला हे पान दाखवीन. माझा देह मेडिकल कॉलेजला लिहून दिलेला आहेच. आता नावाचीही सोय झाली.

पण पानात चूक आहे. मी नुसता प्रश्न विचारला. अधिक महिना बेबाबाईंनी आणला, अनारशांसकट. त्यांना मी काल हे सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. मग विचारतात, “म्हणजे माझ्या अनारशांनी बॉयलर वाचला?” मी म्हटलं, तुमच्या पंचांगाने बिघडवला आणि तुमच्या अनारशांनी वाचवला. तेव्हापासून सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या आहेत, आणि पहिला अर्धा भाग गाळून सांगतात.

तेव्हा पुढच्या प्रतीत त्यांचं नाव घाल. माझ्या वर.

माझं काढू नकोस.

तुझी,
फुई